‘आपल्याकडे सगळे घरचेच’: अशा कंपनीत टिकायचं कसं आणि निघायचं कसं

साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात मी सहा वर्षं काढली. इलेक्ट्रिक सामानाचा घाऊक धंदा. फर्म दोन, पाट्या दोन, दार एकच. मुलाखतीत काका, म्हणजे मोठे मालक, म्हणाले होते, “आपल्याकडे नोकर कुणी नाही. सगळे घरचेच.” मेट्रोने घाटकोपर, तिथून डोंबिवली, अशी परत येताना मी आईला फोन करून हेच वाक्य कौतुकाने सांगितलं होतं.

त्या वाक्याची किंमत पुढे कळली. घरच्या माणसाला ओव्हरटाइम मागता येत नाही. रजा मागितली की “आम्ही कधी रजा घेतो का गं?” ऐकावं लागतं. चारचौघांत ओरडा बसला तर तो ‘हक्काने’ बसलेला असतो. दिवाळीत बोनसचा विषय निघाला की मात्र आपण पुन्हा स्टाफ.

सगळ्याच घरगुती कंपन्या अशा असतात असं मी म्हणणार नाही. आमच्याच काकांनी माझ्या वडिलांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी रात्री दीड वाजता पन्नास हजार पाठवले होते. ते मी विसरलेले नाही, आणि निघताना सगळ्यात जड तेच गेलं. म्हणून ‘उद्याच राजीनामा फेका’ असा सल्ला मी देणार नाही. डोक्यावर घरभाडं किंवा हप्ता असताना मुंबईत तसं कुणी फेकतही नाही. कोणती गोष्ट आधी करायची आणि कोणती नंतर, तेवढं सांगते.

पहिला महिना नुसतं मोजा

कामाचा ताण वेगळा आणि विखार वेगळा. मार्च एंडला रात्री नऊपर्यंत बसणं हा ताण. एप्रिलच्या वीस तारखेला हातात काम नसताना, दादा (काकांचा थोरला मुलगा) खुर्चीतून उठत नाहीत तोवर कुणी बॅग उचलायची नाही, हा विखार. आपली चूक झाली आणि बोलणी खाल्ली, ठीक आहे. दादांनी चुकीचा रेट दिला, ग्राहक भांडला आणि काकांसमोर चूक माझ्या नावावर गेली, हे ठीक नाही.

भावना बाजूला ठेवून एक महिना डायरी लिहा. आल्याची वेळ, निघाल्याची वेळ, कोण काय बोललं, समोर कोण होतं. बोललेले शब्द जसेच्या तसे लिहा. ‘दादा खूप ओरडले’ या नोंदीचा पुढे उपयोग नसतो. ‘मंगळवार, दुपारी सव्वातीन, “अक्कल गहाण ठेवलीस का” असं डिस्पॅचच्या दोघांसमोर’ याचा असतो. ही डायरी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तर अजिबात लिहू नका.

महिन्याच्या शेवटी तासांची बेरीज करा. माझा पगार तेव्हा २४,००० होता. ठरलेले तास नऊ, दिवस २६, म्हणजे २३४ तास. तासाला साधारण १०३ रुपये. डायरीत निघाले रोजचे साडेअकरा, शिवाय ‘स्टॉक मोजायला’ दोन रविवार पाच-पाच तास. एकूण ३०९. तासाला ७८ रुपयेसुद्धा पडत नव्हते. एक कागद पुढ्यात ठेवून मी तो आकडा तीनदा तपासला. सहा वर्षांत कुणाच्या ओरडण्याने झालं नाही ते त्या भागाकाराने झालं.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात दुकानं आणि ऑफिसांना २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. आठवड्याला ४८ तास ही त्याची मर्यादा, आणि वरच्या तासांना दुप्पट दर. मूळ कायदा दहा माणसांपासून पुढे लागू होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे तास नऊवरून दहा करायला आणि ही संख्या वीसवर न्यायला मंजुरी दिली. गाळ्यात उत्पादन चालत असेल तर कारखान्यांचे नियम वेगळे. हे सगळं दादांच्या तोंडावर फेकायचं नसतं. आपलं नेमकं किती बुडतंय हे आपल्यालाच कळावं, यासाठी ते माहीत हवं.

सही कुणाची आणि शब्द कुणाचा

घरगुती कंपनीत हुद्द्यांना अर्थ नसतो. आमच्याकडे काका ‘चेअरमन’, दादा ‘डायरेक्टर’ आणि वहिनींना हुद्दाच नव्हता. चेकबुक वहिनींच्या पर्समध्ये असायचं. पगारवाढीसाठी मी दोन वर्षं दादांच्या मागे लागले. दादा ‘हो, बघू’ म्हणायचे, कारण नाही म्हणण्याचाही अधिकार त्यांना नव्हता. तिसऱ्या वर्षी वहिनींसमोर कागद ठेवला आणि बारा मिनिटांत निकाल लागला. मागितले होते चार हजार, मिळाले अडीच. पण मिळाले.

तेव्हा तीन गोष्टी शोधून काढा. पैशाला शेवटची मान्यता कुणाची? घरात सध्या कुणाचं कुणाशी बिनसलंय? आणि कुणाचा शब्द कुणी मोडत नाही? आमच्याकडे तो मान काकांच्या बहिणीचा होता. महिन्यातून एकदा यायच्या, चहा घ्यायच्या, आणि त्यांनी सांगितलेलं काम दुसऱ्या दिवशी झालेलं असायचं.

मात्र हा नकाशा खेळायला वापरू नका. वहिनींचं दादांना आणि दादांचं काकांना पोचवणारा माणूस पहिले चार महिने लाडका असतो. घरातली भांडणं गणपतीपर्यंत मिटतात, सगळे एका पंगतीत बसतात, आणि मधल्या काळात कोण काय बोललं याचा हिशेब निरोप्याच्या नावावर निघतो. आमच्या एका सेल्सच्या मुलाची नोकरी अशीच गेली.

दोघांनी दोन उलटी कामं सांगितली तर तोंडी निवाडा करू नका. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, दोघांनाही दिसेल असं, साध्या शब्दांत टाका: “काका, भिवंडीची डिलिव्हरी आज लावायला सांगितलीत. दादांनी आज वसईची गाडी भरायला सांगितली आहे. गाडी एकच आहे. आधी कोणती भरू?” यात तक्रार नाही, टोमणा नाही. निर्णय त्यांचा त्यांच्याकडे जातो आणि लेखी राहतो. पहिल्यांदा टाकलं तेव्हा दादा चिडले. चौथ्यांदा त्यांनी स्वतःच विचारलं, “ग्रुपवर टाकलंस ना?”

कागद गोळा करा, आणि भांडण व्हायच्या आधी करा

या लेखातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण हा भाग दोनदा वाचा. अशा कंपन्यांची एक खोड असते: जो हक्क आहे तो उपकार म्हणून द्यायचा. आमच्या पॅकिंगमधल्या मुलाचं बोट कटरने कापलं. पगार १४,०००. त्याचं कर्मचारी राज्य विम्याचं, म्हणजे ईएसआयसीचं कार्ड असायला हवं होतं. ते नव्हतं. काकांनी खासगी डॉक्टरकडे नेऊन रोख पैसे भरले, आणि पुढची दोन वर्षं तो मुलगा काही बोलला की “तुझं बोट कुणी वाचवलं?” कार्ड असतं तर बोटही वाचलं असतं आणि दोन वर्षांचं ऐकणंही.

यात दोन आकडे महत्त्वाचे: दहा आणि वीस. दहा किंवा जास्त माणसं असली की ईएसआयसी (पगार २१,००० पर्यंत असेल तर) आणि ग्रॅच्युइटी. वीस किंवा जास्त असली की भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, आणि बोनस. बोनस किमान ८.३३ टक्के, मिठाईचा पुडा त्यात मोजत नाहीत. म्हणूनच काही घरांमध्ये एका फर्मला दुसरी फर्म फुटते. आमच्याकडे एका नावावर १४ आणि दुसऱ्या नावावर नऊ. एकाच टेबलावर बसणाऱ्या दोघींचे पगार दोन वेगवेगळ्या फर्मच्या खात्यांतून यायचे. फर्म खरंच वेगळ्या आहेत की फक्त कागदावर, हे भविष्य निर्वाह निधीचं कार्यालय तपासू शकतं. जागा एक, मालक एकाच घरचे, माणसं आणि पैसा एकमेकांत मिसळलेला, या गोष्टी तेव्हा पाहिल्या जातात. तुमचा पगार कुणाच्या खात्यातून येतो ते बँकेच्या स्टेटमेंटवर आजच बघा.

पीएफ कापला जात असेल तर पावतीवर समाधान मानू नका. नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्या किंवा उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडा. दर महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. तुमच्या पगारातून कापलेला वाटा भरलाच नाही तर तो फौजदारीपात्र न्यासभंग (सोपवलेल्या पैशाचा अपहार) धरला जातो, म्हणजे नुसती ‘राहून गेलं’ची गोष्ट उरत नाही. टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच कापलेला प्राप्तिकर, असेल तर प्राप्तिकराच्या पोर्टलवर २६एएस या कराच्या विवरणात तो दिसतो का पाहा. व्यवसाय कराचंही तसंच. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला एप्रिल २०२३ पासून तो नाही. माझे २०० रुपये पुढे आठ महिने कापले जात होते. वहिनींना दाखवलं तर म्हणाल्या, “अगं, टॅलीत तसंच पडलंय.” परत मिळाले, पण मी दाखवल्यावर.

आता रोख. पगाराचा एक भाग खात्यात आणि एक भाग पाकिटात, हा छोट्या धंद्यातला जुना रिवाज. माझे १५,००० खात्यात यायचे, ९,००० हातात. हे कधीतरी आपल्याच अंगावर येतं. ग्रॅच्युइटीचंच घ्या. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, त्याला १५ ने गुणा, २६ ने भागा, वर्षांनी गुणा. १५,००० वर सहा वर्षांचे ५१,९२३ होतात. तेच २४,००० वर ८३,०७७. पाकिटाने माझे एकतीस हजार खाल्ले, आणि घरासाठी कर्ज काढायला गेले तेव्हा बँकेने पगार १५,०००च धरला ते निराळंच. पाकीट बंद करणं तुमच्या हातात नसेल तर निदान दर महिन्याला एक निरोप टाका: “वहिनी, ऑगस्टच्या पगाराचे रोख ९,००० आज मिळाले. धन्यवाद.” उत्तरात नुसता अंगठा आला तरी पुरे.

नियुक्तीपत्र नसेल तर मागा. नव्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत आणि त्यांत प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्यायचं आहे, तेव्हा मागायला निमित्त तयार आहे: “बँकेला हवंय” किंवा “सीए म्हणाले नव्या नियमात लागतं.” खोटं बोलायला सांगत नाहीये, बँकेला खरंच लागतं. पगाराच्या पावत्या, हजेरीच्या नोंदीचे फोटो, वाढ मिळाल्याचा मेसेज, सगळं स्वतःच्या ईमेलवर ठेवा. ग्राहकांच्या याद्या, रेट, कंपनीची बिलं यांना मात्र हात लावू नका. तुमचे कागद आणि कंपनीचे कागद यांतली रेघ तुम्हीच सांभाळली पाहिजे. ती पुसट झाली की ‘डेटा चोरला’ म्हणायला त्यांना एक मिनिट लागतं.

तुमच्या नावावर काय काय आहे?

हे कुणी विचारत नाही म्हणून वेगळं लिहिते. घरगुती धंद्यात भरवशाच्या माणसाला ‘मान’ म्हणून सही करायला लावतात. नव्या फर्मचा डायरेक्टर, जीएसटीचा नोंदणीदार, बँकेच्या कर्जाला जामीन, कंपनीच्या सिमसाठी आधार कार्ड. धंदा बसला की नोटीस त्या नावाने येते. तुमच्या पॅनवर कुठली जीएसटी नोंदणी आहे का, हे जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता शोधता येतं. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर दिसतं. कर्ज किंवा जामीन क्रेडिट रिपोर्टमध्ये कळतं, आणि तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. डायरेक्टर म्हणून नाव गेलं असेल तर कंपनीला लेखी राजीनामा द्या. डीआयआर-११ फॉर्म भरून तुम्ही स्वतःही कंपनी निबंधकांना कळवू शकता. नोकरी सोडली म्हणून डायरेक्टरपद आपोआप जात नाही.

नवीन सही मागितली तर “घरी विचारून सांगते” म्हणा. तेही घराचंच नाव घेतात, आपण का घेऊ नये?

उचल, बाँड आणि कोरा चेक

उचल घेतली की पाय अडकतो. पोरांची फी, गावची जत्रा, दवाखाना, कारणं खरीच असतात आणि काका देतातही. बिनव्याजी देतात. मग पगारवाढीच्या वेळी कुणी काही बोलत नाही, फक्त उचलीची वही टेबलावर येते. शक्य असेल तर पतपेढीचं व्याज परवडलं असं समजा. माझे पन्नास हजार फेडायला १४ महिने गेले. दर हप्त्याला मी वहीत तारीख टाकून वहिनींची सही घेतली. सुरुवातीला त्यांना ते लागलं. निघतानाच्या हिशेबात त्याच वहीमुळे एका वाक्यात विषय मिटला.

पतपेढीतही एक गोम आहे. ऑफिसमधले लोक एकमेकांना जामीन राहतात. तुम्ही कुणाला जामीन आहात आणि तुम्हाला कोण, हे निघायच्या आधी बघा.

उचलीच्या बदल्यात कोरा चेक देऊ नका. द्यावाच लागला तर रक्कम आणि तारीख लिहून द्या, त्याचा फोटो ठेवा, आणि फेड झाली की चेक परत घ्या. चेक न वटण्याचं प्रकरण कोर्टात गेलं की ‘तो नुसता तारण होता’ हे सिद्ध करत तुम्ही बसता. मूळ सर्टिफिकेटं कुणाकडेही ठेवू नका. आधीच दिली असतील तर पासपोर्ट काढायचा आहे, मुलाच्या प्रवेशाला लागतंय, काहीही सांगून आज घरी आणा, आणि मगच पुढचं बोला.

बाँडची भीती फार घालतात. ‘सोडल्यावर दोन वर्षं या लाइनमध्ये काम करायचं नाही’ ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. ‘दोन वर्षांच्या आत सोडलं तर अमुक रक्कम’ हा प्रकार निराळा. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा असा बाँड वैध धरला. पण तिथे भरतीची मोठी प्रक्रिया होती, त्यावर झालेला खर्च होता. चहा पीत घेतलेल्या मुलाखतीवर आणि ‘बघून शिक’ म्हणून दिलेल्या ट्रेनिंगवर तो न्याय सरसकट लागेलच असं नाही. बाँडवर सही केली असेल तर वकिलाला एकदा दाखवा.

रोजचे दिवस कसे काढायचे

खासगी कामं. वहिनींचं लाइटबिल, नातवाला क्लासमधून आणणं, काकांच्या गावच्या तिकिटासाठी तत्काळच्या वेळी लॉगिन करून बसणं. सरळ नकार पचत नाही. कामाची किंमत दाखवा: “आणते, पण मग आजचं जीएसटीचं काम उद्यावर जाईल, चालेल ना?” दहातल्या सात वेळा दुसरं कुणीतरी जातं.

ओरडण्याला तिथल्या तिथे उत्तर देऊ नका, रडूही दाबू नका. “मी दहा मिनिटांत येते, मग बोलू” म्हणून जिन्यात जा. आमच्या जिन्यात पाण्याचा कूलर होता. सहा वर्षांत मी तिथे किती पाणी प्यायले असेन कोण जाणे. परत आल्यावर फक्त कामाचं वाक्य बोलायचं: “त्या बिलाचं क्रेडिट नोट मी चारपर्यंत काढते.” माफी मागायची असेल तर चुकीची मागा, आवाजाची नको.

रात्रीचे फोन एकदम बंद करायला जाऊ नका. आधी साडेनऊ, महिन्याने नऊ, मग साडेआठ असं मागे आणा. “ट्रेनमध्ये होते, ऐकू येत नव्हतं” हे मध्य रेल्वेवर कुणालाही पटतं.

झोप उडाली, रविवारी दुपारपासून पोटात गोळा यायला लागला, तर ते मनावर घ्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन मराठीतही बोलतो आणि पैसे घेत नाही. मी एकदा केला होता, घाटकोपर स्टेशनच्या पुलावर उभं राहून.

जिथे ‘चालायचंच’ म्हणायचं नाही

अंगचटीला येणं, घाणेरडे मेसेज, ‘एकटी ये, हिशेब करू’. इथे समजूतदारपणा दाखवायचा नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागते. घरगुती कंपनीत ती बहुधा नसते, किंवा असली तर सुनेच्या अध्यक्षतेखाली. माणसं दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, ऑफिस कुठे आहे त्यावर समिती ठरते. साकीनाका उपनगरात येतं. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. शी-बॉक्स या सरकारी पोर्टलवरही नोंदवता येते. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत बाईला उत्पन्नाची अट न घालता मिळते, फोन १५१००.

हात उचलला, कोंडून ठेवलं, कोऱ्या कागदावर सही घेतली, तर पोलीस. त्याच दिवशी.

निघताना

आधी दुसरी नोकरी, मग राजीनामा. निदान तीन महिन्यांचा खर्च हातात. मुलाखती शनिवारी किंवा सकाळी साडेनऊच्या आत मागा. लाइन छोटी असते, लोहार चाळीतला एक दुकानदार दोन्हीकडे माल देत असतो, म्हणून ऑफर लेटर हातात पडेपर्यंत चहावाल्यालाही सांगू नका.

राजीनामा दोन ओळींचा असावा. अमुक तारखेपासून राजीनामा, नोटीस इतके दिवस, शेवटचा दिवस अमुक. कारणं, मनस्ताप, सहा वर्षांचा इतिहास यातलं काही नको. ईमेल करा आणि छापील प्रतीवर ‘मिळाले’ अशी सही, तारीख घ्या. सही देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

मग घरपणा उफाळून येतो. माझ्या वेळी काका गप्प झाले, दादांनी ‘कृतघ्न’ हा शब्द वापरला आणि वहिनी रडल्या. रडणं खरं होतं, असं मला अजून वाटतं. पाच हजार वाढवून देतो म्हणाले. मी विचारलं, “खात्यात की हातात?” कुणी उत्तर दिलं नाही. पन्नास हजारांचा विषय निघणार हे माहीत होतं, म्हणून वाक्य आधीच तयार होतं: “काका, बाबांच्या वेळी तुम्ही उभे राहिलात, ते मी आयुष्यभर मानीन. पैसे फिटलेत. नोकरी सोडतेय, तुम्हाला सोडत नाहीये.” तुमचंही असं एक वाक्य घरी आरशासमोर दोनदा म्हणून जा. ऐन वेळी सुचत नाही.

शेवटच्या पंधरा दिवसांत सोपवलेल्या कामाची यादी करा. किल्ल्या, पासवर्ड, टॅलीचा बॅकअप, अर्धवट बिलं, येणी. यादीवर घेणाऱ्याची सही. पेटी कॅश (किरकोळ खर्चाची रोकड) दोघांसमोर मोजून व्हाउचरवर आकडा आणि सही घ्या. सोडून गेलेल्या माणसावर सगळ्यात सोपा आरोप चोरीचा असतो आणि तो बहुतेक वेळा पेटी कॅशपासूनच सुरू होतो. बँकेच्या ओटीपीला तुमचा नंबर असेल तर तो बदलून घेतल्याशिवाय शेवटचा दिवस संपला म्हणू नका.

नव्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्याचा पगाराचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात (ठरावीक मुदतीच्या कराराला आता एक वर्ष), आणि ती तीस दिवसांत. दोन्हीसाठी लेखी अर्ज करा. नाही आली तर आधी शांत स्मरणपत्र, मग वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन, म्हणजे कामगार आयुक्तांचं कार्यालय. माझी ग्रॅच्युइटी स्मरणपत्रानंतर आली, दोन हप्त्यांत, दुसरा हप्ता धनत्रयोदशीला.

अनुभवपत्र अडवलं तरी आभाळ कोसळत नाही. राजीनाम्याची पोच, बँक स्टेटमेंट, पगारपावत्या, फॉर्म १६ असे कागद नव्या कंपनीच्या एचआरला दाखवा आणि अडचण आधीच सांगा, त्यांनी स्वतः शोधून काढण्याची वाट पाहू नका. पीएफमध्ये जुनी कंपनी नोकरी संपल्याची तारीख टाकत नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी तुम्ही ती स्वतःच पोर्टलवर टाकू शकता.

फोन येत राहतात. पहिले पंधरा दिवस उचला, कामापुरतं बोला. नंतर “मेसेज करा, संध्याकाळी बघते.” मला शेवटचा फोन पाच महिन्यांनी आला, वहिनींचा, मार्चच्या तीस तारखेला. जुन्या रिटर्नची फाइल सापडत नव्हती. तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा, निळा बॉक्स, असं मी सांगितलं. त्या फोन धरूनच शोधायला गेल्या, आणि मला पलीकडून दादांचा आवाज ऐकू आला. कुणा नव्या मुलीला सांगत होते, “आपल्याकडे नोकर कुणी नाही…”